आत्याचा अँप्लिफायर आणि आईचे कान

माझी आत्या जळालेल्या मोटारी गुंडाळून द्यायची. पाण्याचे पंप, गिरण्या, पंखे, मिक्सर, एकदा तर एका लिफ्टची मोटारसुद्धा. खालच्या मजल्यावर तिचं दुकान आणि वर आम्ही राहायचो, आई, आत्या आणि मी. बाबा गेल्यावरही नणंद-भावजय एका घरात कशा नांदतात याचं लोकांना नवल वाटे. खरं तर त्यात काही अवघड नव्हतं. आत्या दिवसभर खाली असायची, आई वर. जेवणापुरत्या दोघी समोरासमोर यायच्या, आणि तेवढ्या वेळात एखादंच भांडण बसायचं.

आत्या सतरा वर्षांची असताना आजोबांनी तिला तारेचे वेढे मोजायला बसवलं, ती पुढे चाळीस वर्षं उठलीच नाही. जळालेली मोटार आली की आधी जुनी तार उसवायची, किती वेढे होते ते मोजायचे आणि तितकेच नवे घालायचे. मोजताना कुणी बोललं की ती नुसतं एक बोट वर करायची. त्या बोटापुढे बँकेचे साहेबसुद्धा गप्प बसलेले मी पाहिलेत. मात्र काम संपलं की बोलायची पाळी तिची. गिऱ्हाईक पिठाच्या गिरणीचं असेल तर दगडाला टाकी किती दिवसांनी मारता, पीठ गरम का होतं, हे सगळं विचारून घेई. "मोटार नेण्याआधी तोंडी परीक्षा द्यावी लागते," असं तिच्या गिऱ्हाइकांत बोललं जायचं.

एका सकाळी एक गृहस्थ दोन्ही हातांनी पोटाशी धरून एक लाकडी खोकं घेऊन आले. दातांच्या कवळ्या तयार करायचा त्यांचा व्यवसाय. नखांत पांढरं प्लास्टर आणि बोलणं अगदी जपून, जणू समोरच्याचे दात मोजताहेत. आम्ही त्यांना घरात पहिल्या दिवसापासून 'कवळीवाले' म्हणायला लागलो, आणि पुढे तोंडावरसुद्धा तेच निघून जाई. सुट्टीच्या दिवशी ते गिटार वाजवत. खोक्यात त्यांचा गिटारचा अँप्लिफायर होता, जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा. त्याचा विजेचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता आणि तो गुंडाळून द्यायला कुणी तयार नव्हतं.

"हे व्हॉल्व्ह रेडिओत असायचे ना? अजून वापरतात?" आत्याने विचारलं.

"गिटारवाले वापरतात, ताई. नव्या वस्तूत तो आवाज येत नाही."

"का नाही येत?"

कवळीवाले म्हणाले, "तसं सांगता येणार नाही. गोड असतो."

"गोड म्हणजे काय?"

चार दिवसांनी दुरुस्त अँप्लिफायर न्यायला आले तेव्हा उत्तर म्हणून ते गिटारच घेऊन आले. दुकानातल्या बाकावर बसले, व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबले आणि एकच सूर छेडला. हलका छेडला तेव्हा तो स्वच्छ आला. जोरात छेडला तर त्याला कड आली, माणूस पोटतिडकीने बोलायला लागला की आवाज चिरकतो तशी. आत्याने त्यांना तोच सूर दहा-बारा वेळा छेडायला लावला. मग ती वाकून खोक्याच्या मागच्या बाजूने आत बघत बसली. आत फारसं काही नव्हतं. लोखंड, तांबं, चार काचेच्या बाटल्या आणि थोड्या तारा.

"लोखंड-तांबं तर माझ्याकडेही आहे," ती जेवताना म्हणाली. "माझं कधी असं गायलं नाही."

"वन्सं, तुम्हाला सा म्हणता येत नाही," आई म्हणाली. "गिटार धरायची कुठून तेही माहीत नाही. तुम्हाला काय करायचंय?"

"मला वाजवायचं कुठे आहे? मला बघायचंय."

झालं. आत्याने अँप्लिफायर बांधायला घेतला.

गावात रेडिओ दुरुस्त करणारे एक आजोबा होते. दुकान केव्हाच बंद केलेलं, पण घरातल्या एका खोलीत मोडके रेडिओ छतापर्यंत रचलेले. आत्या त्यांच्याकडे गेली आणि तीन तासांनी आली. हातात पाच व्हॉल्व्ह फडक्यात गुंडाळलेले, एका कागदावर आजोबांनी काढून दिलेला जोडणीचा नकाशा आणि चेहऱ्यावर असा आनंद की आईने विचारलं, "काय, लग्न ठरलं का कुणाचं?"

आजोबांनी तिला एक गोष्ट तीनदा सांगितली होती. मोटारीचा झटका आणि हा झटका वेगळा. इथे तीनशे व्होल्ट असतात, आणि बटण बंद केलं तरी कंडेन्सर ती वीज पोटात धरून बसतात. ती आधी काढून टाकायची, मीटरने खात्री करायची, आणि त्यानंतरच आत जायचं. चालू असताना मोजायची वेळ आलीच तर एक हात खिशात. दोन्ही हात आत गेले तर वीज छातीतून आरपार जाते. आत्याच्या कपड्यांना खिसा नव्हता. त्या दिवशी तिने शिवणाचं मशीन काढलं आणि दुकानातल्या एप्रनला डाव्या बाजूला एक मोठा खिसा लावला. पुढे कितीतरी दिवस ती त्या खिशात हात घालून उभी राहिलेली दिसायची. येणाऱ्यांना वाटे, बाईंना आता बराच रुबाब आलाय.

सांगाडा म्हणून तिने बेकरीतला एक जुना पत्र्याचा ट्रे घेतला. उलटा पाडला, व्हॉल्व्हच्या बैठकीसाठी गोल भोकं पाडली, कडा कानशीने घासल्या. दोन्ही ट्रान्सफॉर्मर तिने स्वतः गुंडाळले. विजेचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे तिच्या हातचा मळ. दुसरा, व्हॉल्व्हमधून निघालेला आवाज स्पीकरच्या पदरात घालणारा, तो तिने आधी कधी केला नव्हता. आजोबांनी वेढ्यांचं प्रमाण सांगितलं होतं, बाकी तिने आपल्या अकलेने केलं.

महिन्याभराने, एका दुपारी, आम्ही तिघी आणि कवळीवाले बाकाभोवती उभे राहिलो. आत्याने बटण दाबलं. व्हॉल्व्हच्या पोटात नारिंगी उजेड आला. आम्ही वाट बघितली. आणि एकदम अशी किंकाळी फुटली की आईने माझा दंड धरला. गिटार जोडलेलीसुद्धा नव्हती. आत्याने बटण बंद केलं.

"जळालं?" मी विचारलं.

आत्याने एक बोट वर केलं. म्हणजे गप्प. ती नकाशा बघत राहिली. त्यात स्पीकरच्या टोकापासून एक तार उलट मागे, आधीच्या व्हॉल्व्हकडे जात होती. पुढे गेलेल्या आवाजातला थोडा आवाज मागे नेऊन चूक सुधारायची, अशी ती सोय.

"ही चूक सुधारत नाहीये, वाढवतेय," ती हळूच म्हणाली. मग हसली. "उलटी फिरतेय! मोटार उलटी फिरायला लागली की आपण काय करतो? दोन तारांची अदलाबदल."

कंडेन्सर रिकामे करून तिने ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा अदलून बदलून जोडल्या. पुन्हा बटण दाबलं. शांतता. अगदी बारीक घुंई, एवढंच. कवळीवाल्यांनी गिटार जोडून छेडली आणि सूर आला. आत्याने टाळी वाजवली, एकच.

कवळीवाले मात्र वाजवत राहिले आणि त्यांच्या कपाळावर आठी आली.

"काय झालं? छान तर आहे," आत्या म्हणाली.

"आहे छान. पण डोक्यावरून पांघरूण घेऊन गातोय, ताई. आणि जाड तारेवर फाटतोय."

आता दुसरा कुणी असता तर हिरमुसला असता. आत्याने कागद पुढे ओढला आणि 'पांघरूण' आणि 'फाटतो' असे दोन शब्द लिहिले. तिच्या वहीची सुरुवात ही अशी झाली.

आजोबांच्या एका मोडक्या रेडिओतला तसाच छोटा ट्रान्सफॉर्मर तिने उत्तर शोधायला उसवला. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पट्ट्या आलटून पालटून, एकीत एक अडकवून, फट राहणार नाही अशा घट्ट बसवायच्या, हे आजोबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तिला कान पिळून शिकवलेलं. इथे तर सगळ्या पट्ट्या एकाच दिशेने रचलेल्या, आणि दोन भागांच्या मधे चक्क कागदाचा तुकडा. आत्याला वाटलं, कुणा आळशाने काम उरकलंय. तिने दुसरा ट्रान्सफॉर्मर उसवला. त्यातही कागद. तिसऱ्यातही.

तशीच हात न धुता ती रेडिओच्या आजोबांकडे गेली. "एवढे सगळे आळशी कसे असतील?" तिने विचारलं.

आजोबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "अहो, तुमच्या नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरमधून वीज येते-जाते, येते-जाते. इथे व्हॉल्व्हची वीज एकाच दिशेने सतत वाहते, आणि त्यावर स्वार होऊन आवाज जातो. लोखंड त्या सततच्या विजेनेच भरून जातं. मग जाड तारेचा मोठा सूर आला की त्याला जागाच उरत नाही. तो कागद म्हणजे लोखंडाला मुद्दाम दिलेली फट. भरू नये म्हणून."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही न विचारलेलं काही राहिलं असेल असं मला वाटलंच नाही."

आत्या घरी येऊन बराच वेळ त्या कागदाच्या तुकड्याकडे बघत बसली. फटी बुजवण्यात चाळीस वर्षं गेली होती तिची. पट्ट्या तिने पुन्हा रचल्या, मधे कागद घातला, आणि जाड तारेचं फाटणं थांबलं. पांघरुणावरचा उपाय त्याच उसवलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सापडला. तिने आधी बारीक तार सगळी गुंडाळून त्यावर जाड तार घातली होती. रेडिओत बारीक तारेचा एक थर, त्यावर जाड तारेचा, पुन्हा बारीक, असे थर होते. तिने आपला सगळा ट्रान्सफॉर्मर उसवला आणि पाच थरांत परत गुंडाळला. नऊ दिवस लागले. कवळीवाल्यांनी येऊन वाजवलं आणि या खेपेला ते थांबलेच नाहीत. त्यांच्याकडून कवळी घ्यायला आलेलं एक म्हातारं जोडपं पत्ता शोधत आमच्याच दुकानात येऊन बसलं आणि बिनदातांनी ऐकत राहिलं.

इथेच गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण आत्याला आता चटक लागली होती. कवळीवाल्यांनी आपली जुनी गिटार तिच्याकडेच ठेवली. ती अँप्लिफायरचा एकेक भाग बदलायची, मोकळ्या तारा छेडायची, ऐकायची आणि वहीत लिहायची. आवाजासाठी तिच्याकडे मोटारीचेच शब्द होते. 'बेअरिंग सुकलं.' 'पट्टा सैल.' 'नवीन ग्रीस, छान.' एका कंडेन्सरपुढे नुसतं लिहिलं होतं, 'हा कशाला जन्मला?'

या वहीत हळूहळू एकच तक्रार वारंवार यायला लागली. 'धार कमी.' आवाजाला अजून धार हवी म्हणून ती छोटे कंडेन्सर लावायची, काढायची, आणखी लावायची. वर आई कानात कापूस घालून भाजी चिरायची.

"वन्सं, हे काय पत्रा कापताय का?"

"वहिनी, तुला गाण्यातलं काय कळतं?"

"गाण्यातलं नसेल कळत, पत्र्यातलं कळतं."

दोघी चार दिवस बोलल्या नाहीत. मग कवळीवाले आले. मोठ्या उत्साहाने तारेला बोट लावलं आणि पोळल्यासारखं काढून घेतलं. गाल धरून म्हणाले, "ताई, दात शिवशिवले हो. माझे स्वतःचे आहेत सगळे, तरी."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे, मग जिन्यात उभ्या असलेल्या आईकडे. आईने कानातला कापूस काढून दाखवला.

"म्हणजे तुम्हा सगळ्यांना ऐकू येतंय," आत्या म्हणाली, "आणि मला नाही."

दुसऱ्या आठवड्यात मी तिला कान तपासायला घेऊन गेले. काचेची छोटी खोली, कानावर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेरून मी बघत होते. सुरुवातीला तिचा अंगठा पटापट चालला. मग मधे मधे थांबायला लागला. मग नुसताच बटणावर राहिला. तपासणाऱ्या बाईंनी तिला आलेख दाखवला. रेघ डावीकडे सरळ होती आणि उजवीकडे जिना उतरल्यासारखी खाली गेली होती.

"बारीक, उंच आवाज गेलेत," त्या म्हणाल्या. "गोंगाटात काम होतं का?"

"चाळीस वर्षं मोटारी चालवून बघितल्या," आत्या म्हणाली. मग लगेच पुढे वाकली. "हे यंत्र एवढे शुद्ध सूर काढतं कसं? आत व्हॉल्व्ह आहे का?"

त्या बाई हसल्या. घरी येताना, आमच्या गल्लीच्या वळणावर आत्या म्हणाली, "ते सकाळी खिडकीशी बारीक पक्षी येतात ना, ते अजून ओरडतात का?"

"हो. रोज."

"मला वाटलं कमी झालेत."

दोन दिवस अँप्लिफायरवर फडकं पडून होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला आई जिना उतरून खाली आली. माझ्या आठवणीत ती दुकानात येऊन बसल्याची ही पहिलीच वेळ. तिने खुर्ची ओढली आणि म्हणाली, "वन्सं, काढा ते फडकं. तुम्ही बदला, मी सांगते."

निवृत्त होण्याआधी आई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, हे आम्ही जवळजवळ विसरून गेलो होतो. माणूस बोलायच्या आधी नुसत्या श्वासावरून ती ओळखायची. आत्याने कंडेन्सर लावला, तार छेडली.

"हे नको. 'स' म्हणताना ज्यांची शिट्टी वाजते ना, त्या माणसांसारखं येतंय."

दुसरा लावला.

"आता बरं आहे, पण हा लांबून बोलतोय. ट्रंक कॉल."

तिसरा. आईने डोळे मिटले. "हां. हा शेजारच्या खोलीत आहे. थांबा, आत काहीतरी तळतंय."

"काय तळतंय?"

"बारीक चरचर आहे. मधेच येते."

आत्याला चरचर ऐकू येणं शक्यच नव्हतं. तिने डावा हात खिशात घातला आणि आईची विणकामाची लाकडी सुई घेऊन एकेका जोडावर हलकेच टकटक केलं. ती आईच्या चेहऱ्याकडे बघत होती, आई डोळे मिटून. सातव्या की आठव्या जोडावर आईची भुवई उडाली.

"तिथेच!"

सोल्डर नीट न धरलेला एक सांधा होता. बटण बंद करून, कंडेन्सर रिकामे करून आत्याने तो नव्याने लावला. पुढचे दोन महिने रोज चारला हेच चालायचं. वहीत आता दोन अक्षरं दिसायला लागली. आत्याच्या हातचं 'ग्रीस बरं', आणि त्याखाली आईच्या टपोऱ्या अक्षरात 'राँग नंबर'. जेवणावरची भांडणं काही थांबली नाहीत, फक्त आता ती कंडेन्सरवरून व्हायची.

शेवटी कवळीवाल्यांनी तो अँप्लिफायर शाळेच्या सभागृहात त्यांच्या तिघांच्या चमूच्या कार्यक्रमात वाजवला. रविवार, दुपारची वेळ, साठेक माणसं. आई पहिल्या रांगेत बसली. आत्या पडद्याच्या कडेला, अँप्लिफायरच्या मागे स्टूल घेऊन बसली, कारण तिला आत बघायचं होतं. कवळीवाले जोरात वाजवायला लागले की मोठ्या व्हॉल्व्हच्या काचेत एक निळसर झाक सुरावर नाचायची, ती तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. कार्यक्रम संपल्यावर लोक कवळीवाल्यांना भेटायला पुढे गेले, आणि ही त्यांना बाजूला सारून विचारत होती, "ते निळं कशामुळे येतं?"

कवळीवाले म्हणाले, "ताई, आता याला हात लावू नका. झालाय तो. मला द्या."

"द्या काय? अजून नवे प्रयोग राहिलेत."

"म्हणून तर म्हणतोय, द्या."

आईने तोडगा काढला. ज्या भागांवर आवाज जमला तेच पक्के बसवून त्यांना तसाच दुसरा बांधून द्यायचा, आणि ट्रेवाला आत्याकडेच राहू द्यायचा. दुसरा बांधायला सहाच आठवडे लागले. त्याच्या आतल्या बाजूला दोघींनी पेन्सिलीने सही केली. कवळीवाले अजून तो वाजवतात.

कानाचं यंत्र घ्यायला आत्याने बरीच टाळाटाळ केली. घेतलं ते एका अटीवर, मला आतून दाखवा. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, ते उघडलं की वाया जातं. आत्याने मोठ्या कष्टाने ते न उघडता कानात घातलं. घरी आली, खाली दुकानात गेली आणि अँप्लिफायर लावला. अजून गिटारला हातही लावला नव्हता, तोच तिने जिन्यातून हाक मारली.

"वहिनी! हे टिंग टिंग काय वाजतंय? एकदम बारीक?"

आई वरच्या पायरीवर आली. "व्हॉल्व्ह. तापताना वाजतात. पहिल्या दिवसापासून वाजताहेत."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला ऐकू येतंय."

आत्याने बटण बंद केलं. थंड होतानाही ते वाजतात की काय, हे बघायला ती खुर्ची ओढून समोर बसली. मी चहा घेऊन गेले तर तिने माझ्याकडे न बघता एक बोट वर केलं, आणि दुसऱ्या हाताने वही पुढे ओढली.